कमरेची कोयती, खिशातला चाकू

कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला लागले की वाटेत कडाव लागते. त्या भागातील एका शाळेत शिक्षकांच्या विज्ञान शिबिरासाठी जाण्याचा योग आला. विषय होता ‘साधी यंत्रे’. तरफ, उतरण, पाचर हे शब्द फळ्यावर लिहिण्याआधी एक गंमत करावी असे ठरवले. जमलेल्या शिक्षकांना म्हटले, “तुमच्याजवळ आत्ता, खिशात किंवा पिशवीत, जे काही कापायचे साधन असेल ते इथे टेबलावर ठेवा.”

सुरुवातीला सगळे संकोचले. मग एका वयस्कर गुरुजींनी चंची सोडून पितळी अडकित्ता काढला. बाईंच्या पर्समधून नेलकटर आला. कोणाच्या किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला छोटा घडीचा चाकू, कोणाच्या कंपासपेटीतले पेन्सिलीला टोक करायचे पाते. एकाने तर सायकलच्या पिशवीतून भाजीची विळी काढली, ती दुरुस्तीला चालली होती! शाळेचे पाणी भरणारे ठाकर बाबा दारात उभे राहून हे पाहत होते. त्यांनी हसत पाठ वळवली. कमरेला दोरीने बांधलेल्या लाकडी आकडीत कोयती लटकत होती. त्यांनी ती काढली आणि टेबलाच्या कडेला, धार भिंतीकडे करून ठेवली. धार माणसांकडे करायची नसते, हे त्या टेबलावर न सांगता पाळणारे ते एकटेच होते.

तेव्हा मागच्या बाकावरून एक शिक्षक म्हणाले, “सर, हीच कोयती आमच्याकडे जप्त झाली होती.” म्हणजे अशीच. सहावीतला एक मुलगा पहाटे राबासाठी टहाळ तोडायला बापाबरोबर गेला होता. उशीर झाला म्हणून तो रानातून थेट शाळेत आला, कमरेच्या कोयतीसकट. शाळेने ती ठेवून घेतली, वडिलांना बोलावले. त्यांचा दिवस बुडाला. मुलगा पुढे दोन आठवडे आलाच नाही. “शाळेत हत्यार आणू द्यायचे का सर?” शिक्षकांनी विचारले.

या प्रश्नाला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. शाळेत धारदार पाते फिरू नये हे खरेच. पण त्या मुलाकडून कोयती काढून घेताना आपण तिच्याविषयी त्याला एकही प्रश्न विचारला नाही, हेही खरे. निदान आपण शिक्षकांनी तरी ते प्रश्न स्वतःला विचारून पाहू.

पहिला प्रश्न अगदी सोपा. धार म्हणजे काय? धार म्हणजे पात्याच्या दोन बाजू जिथे मिळतात ती अतिशय अरुंद कड. समजा, पात्याचा 5 सेंटिमीटर भाग फांदीवर टेकला आहे आणि कडेची रुंदी आहे 0.01 मिलिमीटर. टेकलेले क्षेत्रफळ होते 0.005 चौरस सेंटिमीटर. वरून फक्त एक किलो वजनाएवढा जोर दिला तरी दाब येतो दर चौरस सेंटिमीटरला 200 किलो! हीच कड बोथट होऊन 0.1 मिलिमीटर झाली की दाब एकदम 20 वर येतो. हात तोच, जोर तोच. मुलांना हे पटवायला साबणाची वडी पुरते. एकाच वजनाला बारीक तार आणि जाड तार बांधून वडीवर टांगा आणि कोणती आधी आत शिरते ते पाहू द्या.

मग कड शक्य तितकी पातळ का करू नये? दाढीचे पाते तसेच असते, पण त्याने करवंदीची काटकी तोडून पाहा, पाते लगेच खांडते. पात्याच्या दोन बाजूंमधला कोन लहान असेल तर ते सहज शिरते, पण लवकर मोडते. कोन मोठा असेल तर टिकते, पण शिरायला जोर मागते. म्हणून पेन्सिलीचे पाते, भाजीचा चाकू, कोयती आणि कुऱ्हाड यांचे कोन चढत्या क्रमाने मोठे होत जातात. टेबलावरची पाती मुलांनी (म्हणजे त्या दिवशी शिक्षकांनी!) या क्रमाने लावली, तेव्हा पाचर हा धडा वेगळा शिकवावा लागला नाही.

अडकित्ता मात्र या रांगेत बसेना. त्याची धार चांगली जाड असते, तरी सुपारी फुटते. कारण काम तरफ करते. टेकू एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला आणि सुपारी मध्ये, तीही टेकूच्या जवळ. पाठ्यपुस्तकातली ही दुसऱ्या प्रकारची तरफ. पुण्याला सहल नेलीत तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते अवश्य दाखवा. मोर, घोडे, माणसांच्या जोड्या अशा कितीतरी आकारांचे आहेत, पण टेकू कुठे आहे हे शोधायला सांगितले की सगळे एकाच जातीचे निघतात.

आता खरा प्रश्न. त्या बाबांनी माझ्याही सामानाची चौकशी केली. माझ्या पिशवीत आजोबांची जुनी कोयती होती, शिबिरात दाखवायला आणलेली. त्यांनी ती हातात घेतली, धारेवरून आडवा अंगठा फिरवला, उजेडाला धरली आणि म्हणाले, “साहेब, हिची धार मेलीय. कोणी जाळली?”

जाळली होती मीच. काही वर्षांपूर्वी धार गेली म्हणून आमच्या कार्यशाळेतील विजेच्या चाकावर ती कोरडीच धरली. ठिणग्यांचा सुंदर फवारा उडाला, धारेवर निळसर झाक आली आणि पाच मिनिटांत कोयती लखलखली. त्यानंतर ती कधीच धड चालली नाही. दोन फांद्या तोडल्या की धार वळायची. पदार्थविज्ञानात पीएच.डी. मिळवलेल्या माणसाला त्या निळ्या रंगाचा अर्थ ठाऊक होता, वर्गात तो सांगितलाही होता. चाकाशी उभे असताना मात्र आठवला नाही.

अर्थ असा. कोयतीचे पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. पुष्कळ लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद वापरतात. त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो. हे पोलाद सुमारे 727 अंश सेल्सिअसच्या वर तापवले की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलू लागते आणि नव्या मांडणीत कार्बनचे अणू सामावले जातात. हळूहळू थंड होऊ दिले तर कार्बन बाहेर पडून वेगळा होतो व पोलाद मऊ राहते. पण लाल पाते एकदम पाण्यात बुडवले, तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो अडकून पडतो, अणूंची जाळी ताणली जाते आणि पोलाद कमालीचे कठीण होते. या ताणलेल्या रचनेला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून ‘मार्टेन्साइट’ म्हणतात. लोहाराच्या भाषेत, हत्याराला ‘पाणी दिले’.

पण नुसते पाणी दिलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा थोडे तापवावे लागते, आणि इथे रंग मदतीला येतात. घासून चकचकीत केलेले पोलाद तापवले की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर रंग दिसतात, त्याच कारणाने या थरावरही दिसतात. सुमारे 220 ते 230 अंशांना फिका गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि 300 अंशांच्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबले तर धार कठीण राहते. निळ्यापर्यंत गेले तर कठीणपणा कमी होऊन लवचीकपणा येतो. माझ्या कोयतीची कड चाकाच्या घर्षणाने निळी झाली, म्हणजे निदान 300 अंशांपर्यंत पोचली होती. कोणीतरी दिलेले पाणी मी काढून घेतले होते.

पावसाळा सरल्यावर घिसाडी कुटुंबे रस्त्याच्या कडेला भाता मांडतात ते आपण पाहिले असेल. बाई घण मारते, पुरुष सांडशीत पाते फिरवतो. पुढच्या वेळी तिथे वर्ग घेऊन जा आणि एकच गोष्ट बघायला सांगा. पाणी देताना तो पूर्ण कोयती बुडवत नाही, फक्त धारेचा भाग बुडवून लगेच वर काढतो. पाठ अजून गरम असते. धार विटकरीच्या तुकड्याने घासून तो तिच्याकडे टक लावून पाहतो. पाठीची उष्णता धारेकडे सरकू लागते आणि रंग चालत येतात, आधी पिवळा, त्याच्या मागे तपकिरी. हवा तो रंग धारेवर पोचला की सगळी कोयती पाण्यात. धार कठीण, पाठ चिवट, आणि तापमापक कुठेच नाही! भट्टीवर छप्पर किंवा फाटके ताडपत्र का असते, हेही मुलांना विचारा. नुसत्या उन्हापासून बचाव नव्हे. तापलेल्या लोखंडाची लाली भर उन्हात ओळखता येत नाही.

हे शाळेत करायला शिवणाच्या सुया पुरतात. पक्कड, स्पिरिटचा दिवा, वाटीभर पाणी घ्या. डोळ्यांना चष्मा हवाच, आणि हा प्रयोग शिक्षकांनीच करायचा. एक सुई लाल करून ज्योतीतून अगदी सावकाश वर नेत थंड करा. ती तारेसारखी वाकते. दुसरी लाल करून पाण्यात टाका. वाटी ज्योतीला चिकटूनच ठेवा, कारण सुई डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निवते. ही सुई वाकवायला गेलात की कट्कन मोडते. तिसरी तशीच पाण्यात टाकून, मग बारीक पॉलिशपेपरने घासून ज्योतीच्या बऱ्याच वर धरा. निळी होताच काढा. ही वाकते आणि सोडली की परत सरळ होते.

या तिसऱ्या सुईपाशी घडीच्या चाकूचे गुपित आहे. जुन्या पद्धतीच्या खिशातल्या चाकूला कुलूप नसते. मुठीच्या पाठीत पोलादाची एक लवचीक पट्टी असते. पात्याचे बुड चौकोनी असून त्याच्या सपाट बाजूंवर ती दाबून बसते. म्हणून पाते पूर्ण उघडे किंवा पूर्ण मिटलेले स्थिर राहते, मधे मात्र पट्टी उचलावी लागते, तेवढा जोर आपण देतो. एकाच चाकूत पाते पिवळ्यावर थांबवलेले, पट्टी निळ्यावर. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात 1890 साली निघालेल्या ओपिनेल चाकूत तर पट्टीही नाही. लाकडी मूठ, एक पाते, आणि 1955 पासून पाते अडवणारे एक फिरते कडे. असे चाकू रोज खिशात बाळगणारे हौशी लोक जगभर आहेत. ते एकमेकांना पाती दाखवतात, आणि नवे कोरे पाते दाखवण्यात त्यांना फारसे भूषण वाटत नाही. फळे कापून कापून पात्यावर चढलेला करडा-निळा डाग हीच त्यांची मिरवण्याची गोष्ट.

तो डाग आपल्या कोयतीवरही असतो. हिरडा, आवळा, खैर यांतील टॅनिन लोखंडाशी मिळून काळा पदार्थ तयार होतो. हिरड्याच्या पाण्यात रात्रभर खिळा ठेवा, सकाळी शाई तयार. पूर्वी लिहिण्याची शाई अशीच करत. स्टेनलेस पोलादावर हे होत नाही. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली याने 1913 साली केलेल्या त्या पोलादात सुमारे 13 टक्के क्रोमियम होते आणि त्याचा थर लोखंडाला झाकतो. मात्र घिसाड्याच्या भट्टीत त्याला नीट पाणी देता येत नाही. त्याला अधिक तापमान आणि अधिक काटेकोरपणा लागतो.

कायद्याचे काय, असे एका शिक्षकाने विचारले. शस्त्र नियमांत लांब-रुंद पात्यांवर बंधने आहेत, पण शेतीची व घरगुती कामाची अवजारे त्यांतून वगळली आहेत. शाळेचा नियम ही वेगळी बाब. त्या शिक्षकांनी त्यावर आपला मार्ग काढला. मुख्याध्यापकांच्या खोलीत उंचावर एक खुंटी ठोकली. रानातून येणाऱ्याने कोयती तिथे टांगायची, जाताना न्यायची. तो मुलगा परत येऊ लागल्याचे त्यांनी पुढे पत्रातून कळवले. सुयांचा प्रयोग झाला, तेव्हा दुसरी सुई मोडणार हे त्याने आधीच सांगितले होते.

माझी कोयती बाबांनी ठेवून घेतली आणि घिसाडी आले तेव्हा त्यांच्याकडून शेवटून आणली. निळी कड पुरती काढून टाकावी लागली. कोयती आता अर्ध्या बोटाने अरुंद झाली आहे. धार लावायला मी पाण्याचा दगड वापरतो, त्याला अर्धा तास लागतो.