‘तो दत्ताराम’ नव्हे!

समजा, आमच्या पावणे येथील एखाद्या कारखान्यांत यंत्र बसविण्यासाठीं म्युनिकहून एक कारागीर आला आहे. सोबत काम करणाऱ्या दत्तारामभाऊंनीं त्यास जेवावयास बोलाविलें. पाहुणा आधीं पोहोंचला. यजमान दारांत दिसतांच तो आनंदानें म्हणाला, “डेर दत्ताराम कोम्ट!” जर्मन शिकणाऱ्या मुलानें शब्दास शब्द लावून आईला अर्थ सांगितला, “तो दत्ताराम येतो आहे.” आईच्या कपाळास आठी पडली. पाहुण्यानें घरधन्याचा उपमर्द केला काय?

मुळींच नाहीं. दोष आहे तो भाषांतराचा. ‘डेर’ हें जर्मन भाषेंतील पुल्लिंगी निश्चित उपपद होय; स्त्रीलिंगी ‘डी’ व नपुंसकलिंगी ‘डास’. दक्षिण जर्मनींत व ऑस्ट्रियांत रोजच्या बोलण्यांत माणसाच्या नांवाआधीं तें सहज येतें. आमच्या ‘तो’ आणि ‘ते’ यांतील मानाची पायरी त्यांत नाहीं. उत्तरेकडे मात्र नुसतें नांव घेण्याची रीत आहे; तेथें आडनांवाआधीं उपपद लावल्यास कधीं कधीं तुच्छता भासते.

या उपपदाचा उपयोगही आहे. आम्ही ‘राम’, ‘रामाला’ असे प्रत्यय लावतों. जर्मन नांव बहुधा जसेंच्या तसें राहतें. ‘पेटर हिल्फ्ट आना’ म्हणजे सामान्यतः पेटर आनाला मदत करतो. परंतु ‘डेम पेटर हिल्फ्ट आना’ म्हटलें, कीं मदत करणारी आना ठरते. उपपदानेंच विभक्ति दाखविली!

ऱ्हाईन नदीच्या कांहीं भागांतील बोलींत तर स्त्रीच्या नांवास नपुंसकलिंगी उपपद लावतात. याचें हंसूं येण्यापूर्वीं आपण गोव्याकडे पाहावें. तेथें कोंकणींत तरुण मुलीविषयीं ‘तें आयलें’ असें म्हणतात; त्यांत अनादर नसून जिव्हाळाच असतो.

तेव्हां विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. प्रमाण जर्मन लिहितांना नुसत्या नांवास उपपद लावूं नये. मात्र नांवाआधीं विशेषण आल्यास तें अवश्य लावावें, जसें ‘डेर क्लाइने पेटर’, म्हणजे लहानगा पेटर. आणि भाषांतर करतांना शब्दाबरोबर बोलणाऱ्याचें मनही पोहोंचवावें. त्या मुलानें आईला एवढेंच सांगावयाचें होतें : “आई, पाहुणे म्हणताहेत, बाबा आले!”