ऊब बल्बची, राखण आपली

आभाळात घार फिरू लागली की पिल्लांची कोंबडी एक लांब, घोगरा आवाज काढते आणि अंगणभर पांगलेली पिल्लं क्षणात तिच्या पंखांखाली गडप होतात. बंगळूरला तयार झालेल्या गिरिराजा किंवा हैदराबादच्या वनराजा जातीच्या कोंबड्यांची एक दिवसाची पिल्लं हॅचरीतून खोक्यात येतात, तेव्हा सोबत आई नसते. आईचं उबेचं काम ब्रूडरमधला, म्हणजे पिल्लांच्या उबदार खुराड्यातला, बल्ब करतो. राखणीचं काम मात्र आपल्याच अंगावर पडतं, त्यातून ब्रूडर परसात असला तर जास्तच.

गफलत होते ती जाळीत. षटकोनी भोकांची पातळ जाळी पिल्लांना आत ठेवते, पण शत्रूला अडवत नाही. कुत्रा ती फाडतो, उंदीर भोकातून शिरतो. भोकाचं माप पिल्लावरून नव्हे, उंदरावरून ठरवायचं. जाड तारेची, अर्ध्या इंची भोकांची वेल्डेड जाळी चारही बाजूंना हवी आणि घार, कावळा, बोका यांच्यासाठी वरूनही हवी. घूस आणि मुंगूस खालून उकरतात, म्हणून तीच जाळी फूटभर पुरावी किंवा बाहेरच्या बाजूला जमिनीवर फूटभर अंथरून तिच्यावर दगड रचावेत.

खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. बल्ब विझला की गारठलेली पिल्लं एकमेकांवर चढत कडेला, अगदी जाळीला चिकटून बसतात. भोक मोठं असेल, तर बाहेरून मांजराचा पंजा पुरतो. त्यासाठी जाळीपासून वीतभर आत पत्र्याचं दीड फूट उंच गोल कडं उभं करावं. कोपराच नसल्याने पिल्लं चेंगरतही नाहीत. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायची.

साप बहुधा उंदरांच्या मागावर येतो आणि उंदीर येतात खाद्यासाठी. सांडलेलं खाद्य रोज झाडावं, उरलेलं पत्र्याच्या डब्यात ठेवावं. विष घालू नये; विषाने मेलेला उंदीर उद्या कोंबडीच्याच चोचीत जाईल. मुंगसाला तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्याला मारायचं नाही, वाट बंद करायची.

तिन्हीसांजेला डालग्यावर दगड ठेवण्याआधी जुन्या बायका पिल्लं मोजत. ब्रूडरची कडी लावतानाही मोजावीत. एक कमी भरलं, तर अंधार पडण्याआधी भोक शोधायला वेळ मिळतो.