शाळेची शीव आणि घराची किंमत

गावाची शीव आपल्याला ठाऊक आहे. शेताचा बांध ठाऊक आहे, आणि बांधावरून होणारी भांडणे तर चांगलीच ठाऊक आहेत. शाळेलाही शीव असू शकते, ही गोष्ट मात्र आपल्याकडच्या शहरी माणसाच्या पटकन ध्यानात येत नाही. आपण मुलाला घेऊन चार शाळांचे उंबरे झिजवतो, अर्ज भरतो, कोणाची ओळख निघते का ते पाहतो. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत हा प्रकार बहुतेक ठिकाणी नाही. मूल कोणत्या शाळेत जाणार हे तेथे घराचा पत्ता ठरवतो. नकाशावर एक रेघ ओढलेली असते. घर रेघेच्या ह्या अंगाला असले तर ही शाळा, त्या अंगाला असले तर ती. देणगी नाही, मुलाखत नाही, रांगही नाही. आपल्या पालकांना हेवा वाटावा अशी ही सोय आहे. ह्या सोयीची किंमत शाळेच्या दारात घेत नाहीत; ती घर विकत घेतानाच चुकती झालेली असते, आणि सगळा घोळ तेथेच आहे.

हा घोळ समजायचा तर दोन रेघा वेगळ्या ओळखायला हव्यात. पहिली रेघ शिक्षण-मंडळाच्या हद्दीची. अमेरिकेत अशी सुमारे तेरा हजार मंडळे आहेत, आणि कित्येकांच्या उत्पन्नाचा मोठा भाग स्थानिक घरपट्टीतून येतो. दुसरी रेघ मंडळाच्या पोटातली : त्याच मंडळाच्या कोणत्या शाळेला कोणत्या गल्ल्या जोडल्या आहेत, ती. पहिली रेघ पैसा अडवते, दुसरी माणसे अडवते.

पहिलीचे उदाहरण टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओ शहराचे घेऊ. एकाच शहराच्या परिसरात एजवुड हे गरिबांचे मंडळ आणि अलामो हाइट्स हे श्रीमंतांचे. १९६७-६८ साली एजवुडचे लोक शंभर डॉलरांच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर देत होते, आणि त्यातून दर मुलामागे अवघे २६ डॉलर जमत होते. अलामो हाइट्समध्ये कर ८५ सेंट, म्हणजे कमी, आणि जमा मात्र दर मुलामागे ३३३ डॉलर! राज्याची व मध्यवर्ती सरकारची मदत धरली तरी एका बाजूला ३५६ डॉलर आणि दुसऱ्या बाजूला ५९४ असा फरक उरत होता. गरिबाने जास्त दराने कर द्यावा आणि त्याच्या मुलाच्या वाट्याला कमी यावे, हे गणित उघडच विपरीत होते. डेमेट्रिओ रॉड्रिग्ज नावाचा पत्रेकाम करणारा कामगार व त्याचे शेजारी ह्याविरुद्ध १९६८ साली न्यायालयात गेले. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की शिक्षण हा अमेरिकेच्या मध्यवर्ती घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही; हा विषय राज्यांनी पाहावा.

पुढच्याच वर्षी, २५ जुलै १९७४ रोजी, डेट्रॉइट शहराचा निकाल लागला. १९५४ सालच्या ब्राउन खटल्याने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या. पण तोवर गोरी कुटुंबे शहर सोडून उपनगरांत जाऊ लागली होती, आणि शहरात मिसळायला गोरी मुलेच फारशी उरली नव्हती. म्हणून खालच्या न्यायालयाने भोवतालची ५३ उपनगरी मंडळेही योजनेत ओढली होती. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की उपनगरांचा दोष सिद्ध झालेला नसताना त्यांची हद्द ओलांडता येणार नाही. मोटारीने अर्ध्या तासात जी हद्द ओलांडून माणूस राहायला जाऊ शकतो, ती न्यायालयाला ओलांडता आली नाही. माझ्या मते अमेरिकन उपनगराच्या शिक्षणाचा इतिहास ह्या दोन निकालांनी घडवला.

कोणी म्हणेल, मग मंडळेच मोठी करा. शहर, उपनगर, खेडे सगळे एकाच मंडळात घाला, म्हणजे झाले. मेरिलँड राज्यात पूर्वीपासून जवळजवळ असेच आहे. आपल्या जिल्ह्याशी ज्याची तुलना करता येईल त्या कौंटीला तेथे एकच शिक्षण-मंडळ असते, आणि सबंध राज्यात अशी अवघी २४ मंडळे आहेत. तेव्हा पहिली रेघ तेथे बरीचशी पुसलेली. तरीही भांडण मिटले नाही, ते दुसऱ्या रेघेवर येऊन ठेपले. बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन ह्यांच्या मधोमध असलेल्या हॉवर्ड कौंटीत २०१९ साली हे घडले. ही कौंटी मी मुद्दाम निवडली आहे, कारण येथले लोक काही वाईट नव्हते.

ह्या कौंटीत कोलंबिया नावाचे एक नगर आहे. जेम्स राउज ह्या बांधकाम-व्यावसायिकाने सुमारे चौदा हजार एकर जमीन, म्हणजे कौंटीचा जवळजवळ दहावा हिस्सा, गाजावाजा न करता तुकड्यातुकड्यांनी विकत घेतली आणि १९६७ साली नगराचे उद्घाटन केले. कंपनीचा वरिष्ठ अधिकारी आणि त्याच कंपनीतला झाडूवाला ह्या दोघांनाही राहता यावे, काळ्या-गोऱ्यांनी एका आळीत नांदावे, अशी त्याची मनीषा होती. ध्यानात घ्या, ह्या कौंटीतल्या वर्णभेदी शाळा पूर्णपणे संपल्या त्या १९६५ साली, म्हणजे केवळ दोन वर्षे आधी. राउजने टपालपेट्यासुद्धा दारोदार न लावता एका जागी लावल्या, का, तर पत्रे आणायला आलेले शेजारी एकमेकांशी बोलतील. निरनिराळ्या पंथांच्या लोकांनी उपासनेसाठी एकच इमारत वापरावी अशी व्यवस्था केली. नगराच्या दहा वस्त्या केल्या आणि त्यांना 'व्हिलेज' असे नाव दिले. इतक्या बारकाईने माणसे जवळ आणण्याचा विचार करणारा बिल्डर आपल्या पाहण्यात फारसा नाही, हे कबूल करायला हवे.

पन्नास वर्षांनी काय दिसते? 'वाइल्ड लेक' ही पहिली वस्ती. तेथे भाड्याच्या सदनिका होत्या, सरकारी मदतीची घरेही होती. कालांतराने इमारती जुन्या झाल्या. 'रिव्हर हिल' ही शेवटची वस्ती, १९९० नंतर उभी राहिलेली. तेथे मोठी, स्वतंत्र घरे. दोन्हींत काही मैलांचे अंतर, दोन्ही एकाच नगरात, एकाच मंडळात. पण वाइल्ड लेकच्या माध्यमिक शाळेत गरीब मुलांचे प्रमाण शेकडा चाळिसांच्या वर गेलेले आणि रिव्हर हिलच्या शाळेत शेकडा पाचांच्या आत. नकाशावरची रेघ कोणी दुष्टपणाने ओढली नव्हती. घरे जशी बांधली गेली तशी माणसे आली, आणि रेघ माणसांच्या मागून चालत गेली.

येथे 'गरीब' हे मोजले कसे, ते सांगितले पाहिजे. अमेरिकेत शाळेत दुपारचे जेवण मिळते. कुटुंबाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांच्या आत असेल तर ते फुकट, १८५ टक्क्यांच्या आत असेल तर सवलतीने. अशा जेवणाला पात्र मुले मोजली की शाळेतली गरिबी मोजली, असा हिशेब. माप ओबडधोबड आहे. मर्यादेच्या थोडे वर असलेले कुटुंब त्यात श्रीमंतांच्या बाजूला जाऊन बसते. पण सगळ्या शाळांना लागू पडणारे दुसरे सोयीचे माप नाही. शिवाय २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलाचा वर्ण पाहून त्याला शाळा नेमून देण्यास मनाई केली. तेव्हापासून शाळा मिसळू इच्छिणाऱ्या मंडळांना वर्णाऐवजी उत्पन्नाकडे पाहणे भाग पडले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हॉवर्ड कौंटीच्या लोकनियुक्त सभेतील तीन सदस्यांनी ठराव मांडला, की शिक्षण-मंडळाने शाळा मिसळण्याची योजना करावी. त्याच महिन्यात शाळांचे अधीक्षक मायकेल मार्टिरानो ह्यांनी आपली योजना पुढे ठेवली. काही शाळांत गर्दी झाली होती, काहींत जागा रिकाम्या होत्या. ती विषमता घालवावी आणि त्याच हाताने गरीब मुलांचे प्रमाण शाळाशाळांत सारखे करावे, असा दुहेरी हेतू. सुमारे ५८,००० मुलांपैकी ७,४०० मुलांची शाळा बदलायची होती. मंडळाने सगळ्या कौंटीचे लहान लहान बहुभुज आकार पाडलेले असतात, प्रत्येकाला क्रमांक असतो. हा तुकडा येथून काढून तेथे जोडायचा, असे ते काम चालते. आजवर आपले घर कितव्या तुकड्यात आहे हे ज्यांनी कधी पाहिले नव्हते, त्यांनी ते त्या आठवड्यात पाहिले.

आणि लोक खवळले. सभा रात्री उशिरापर्यंत चालल्या, मोर्चे निघाले, पत्रांचा पाऊस पडला. 'सौजन्य निवडा' अशा अर्थाची पट्टी मोटारीला चिकटवण्याची ह्या कौंटीत रीत आहे. काही पत्रांची भाषा मात्र सौजन्याची नव्हती. विरोध करणाऱ्यांत केवळ गोरे नव्हते. चीन, कोरिया आणि भारत येथून येऊन स्थायिक झालेल्यांची संख्या ह्या कौंटीत मोठी आहे, आणि त्यांच्यातलेही कित्येक विरोधात उभे राहिले. त्यांना सरसकट ढोंगी म्हणणे मला जमणार नाही. शाळेच्या नावाकडे पाहून माणसाने तीस वर्षांच्या कर्जावर घर घेतले आहे. मूल दहावीत असताना त्याचे मित्र, त्याचा खेळाचा चमू, त्याची पहाटेची बस सारे बदलणार. जवळची शाळा सोडून दूरच्या शाळेत का जायचे, हा त्याचा प्रश्न अगदीच पोकळ नाही.

पण कर्ज घराचे काढले की शाळेचे? सँड्रा ब्लॅक ह्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ साली बोस्टनभोवतालच्या उपनगरांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेच्या शिवेच्या अगदी लगत, ह्या आणि त्या अंगाला असलेली घरे त्यांनी ताडून पाहिली. आळी तीच, घरपट्टी तीच, शाळा तेवढी वेगळी. परीक्षेतले गुण ५ टक्क्यांनी जास्त असलेल्या शाळेसाठी लोक घराला सुमारे अडीच टक्के जास्त किंमत मोजतात असे त्यांना आढळले. म्हणजे 'फुकट' शाळेची फी घराच्या किमतीत मिसळलेली असते, आणि ज्याच्यापाशी ती नाही त्याला रेघेच्या आत पाऊल टाकता येत नाही. रेघ हलवली की ती फी बुडते. राग येतो तो ह्याचा, निदान बराचसा.

विरोधकांचा मुख्य घोष 'शेजारची शाळा' हा होता. हा शब्द आपल्या कानांवरून गेलेला आहे. कोठारी आयोगाने १९६६ सालच्या अहवालात शेजारशाळेची शिफारस केली. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. एका वस्तीतली सगळी मुले, जात, धर्म, सांपत्तिक स्थिती न पाहता, एकाच शाळेत बसावीत, ही त्यांची कल्पना. आपल्या शहरांत वाड्याशेजारी चाळ असते आणि बंगल्यांमागे झोपडपट्टी. तेथे शेजारशाळा झाली असती तर माणसे मिसळली असती. अमेरिकन उपनगरात शेजारच उत्पन्नानुसार निवडलेला, म्हणून तीच शेजारशाळा माणसे वेगळी ठेवते. आपण ती शिफारस कधी नीट अमलात आणली नाही. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत शेकडा २५ जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खाजगी शाळांना त्यातून सूट दिली, आणि त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. आपल्याकडेही रेघ आहे. ती नकाशावर काढलेली नाही, इतकेच.

मिसळण्याने खरोखर काही साधते का? ह्याचे एक चांगले उत्तर हॉवर्डच्याच शेजारी, माँटगोमेरी कौंटीत मिळाले. तेथे १९७४ पासून असा कायदा आहे, की मोठी वसाहत बांधणाऱ्याने ठराविक हिस्सा घरे, साधारण शेकडा बारा ते पंधरा, बेताच्या उत्पन्नाच्या लोकांसाठी ठेवावीत. त्यांतली काही घरे कौंटीची गृहसंस्था घेते आणि गरीब कुटुंबांना भाड्याने देते. कोणाला कोठे घर मिळेल हे नशिबावर. त्यामुळे काही गरीब मुले सधन वस्तीच्या शाळेत गेली, काही गरीब शाळेत. आणि गरीब शाळांना मंडळाने लहान वर्ग, शिक्षकांचे अधिक प्रशिक्षण असा जादा खर्चही पुरवला होता. हेदर श्वार्ट्झ ह्यांनी २००१ ते २००७ ह्या काळातली अशी सुमारे ८५० मुले तपासली आणि २०१० साली निष्कर्ष मांडले. सधन शाळेत गेलेल्या मुलांनी प्राथमिक शाळा संपेपर्यंत गणितात इतर मुलांपासूनचे आपले अंतर निम्म्याने कमी केले. जादा पैसा मिळालेल्या शाळेतली मुले त्यांच्या मागे राहिली. आणि हे घडवायला शाळेची रेघ हलवावी लागली नव्हती. घर मिळाले, शाळा आपोआप मिळाली.

हॉवर्ड कौंटीत तो मार्ग मोकळा नव्हता; घरे बांधून झाली होती. २१ नोव्हेंबर २०१९ रोजी शिक्षण-मंडळाने मते घेतली. अधीक्षकांची योजना जशीच्या तशी टिकली नाही. तुकड्यामागून तुकडा वादात निघाला, आणि शेवटी सुमारे ५,४०० मुलांची शाळा बदलावी असे ठरले. पुढच्या वसंतात करोनाची साथ आली आणि शाळांची दारेच बंद झाली. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये कौंटीत 'गिलफर्ड पार्क' ही नवी माध्यमिक शाळा उघडली, आणि तिच्यासाठी बहुभुजांचा तो नकाशा पुन्हा एकदा टेबलावर पसरावा लागला.