ट्रकचे दिवे : प्रकाश वाढवा, झोत आवरा

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठण येथे भरणाऱ्या नाथषष्ठीच्या यात्रेसाठी गावोगावच्या दिंड्या पायी येतात. उन्हाचा ताप टाळण्याकरिता पुष्कळदा पहाटेच्या अंधारातच त्यांची वाटचाल सुरू होते. याच सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगामही अखेरच्या टप्प्यात असतो आणि नाथसागराच्या परिसरातील ऊस वाहून नेणारे ट्रक रात्री-अपरात्री धावत असतात. अशा ट्रकचा झोत समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांवर पडला, तर कडेने चालणारा वारकरी त्याला दिसत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. दिपलेले डोळे निवळण्यास तीनच सेकंद लागले, तरी ५० मीटर रस्ता जवळजवळ न पाहताच ओलांडला जातो.

यात ट्रकचालकाचा हेतू वाईट असतो असे नव्हे. जुन्या ट्रकचे दिवे खरोखरच मंद झालेले असतात. म्हणून तो अधिक वॉटचा बल्ब, किंवा अलीकडे सर्रास मिळणारा पांढराशुभ्र एलईडी बल्ब, जुन्याच दिव्यात बसवितो. चूक होते ती येथे. दिव्यातील परावर्तकाचा आकार हॅलोजन बल्बच्या तारेची जागा गृहीत धरून आखलेला असतो. 'डिप्पर'च्या तारेखाली धातूची लहानशी वाटी असते. वर जाऊ पाहणारा प्रकाश ती अडविते. प्रकाश देणाऱ्या भागाची जागा किंचित जरी बदलली, तरी किरण नको तेथे विखुरतात. चालकाला समोर लख्ख दिसल्याचा भास होतो, आणि त्याची किंमत समोरच्याला मोजावी लागते. काचेच्या मधोमध काळा ठिपका देण्याची जुनी रीत अजूनही आढळते. त्याने थोडा प्रकाश अडतो. झोताची दिशा मात्र बदलत नाही.

वस्तुतः मंदपणाचे कारण बहुधा बल्बमध्ये नसतेच. गंजलेला परावर्तक, धुरकट काच, बारीक झालेली वायर व सैल अर्थिंग ही खरी कारणे होत. दिव्यापर्यंत पोहोचणारा विद्युत्‌दाब दहा टक्क्यांनी घटला, तर हॅलोजन बल्बचा प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. म्हणून प्रथम बॅटरीपासून रिलेमार्फत जाड वायर घ्यावी, अर्थिंग घासून घट्ट करावे, खराब परावर्तक बदलावा आणि २४ व्होल्टच्या ट्रकला ७५/७० वॉटचा प्रमाणित एच-४ बल्ब लावावा. एलईडीच हवा असल्यास केवळ बल्ब न बदलता प्रमाणित असा संपूर्ण दिवाच घ्यावा. तो डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी बनविलेला आहे ना, हेही पाहावे. उजव्या बाजूच्या वाहतुकीचा दिवा आपल्याकडे नेमका समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर प्रकाश टाकतो.

यानंतरचे काम दिशेचे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार, वाहनापुढे आठ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना दिव्याने दिपविता कामा नये. निदान तो चालकाला खाली वळविता आला पाहिजे. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर ट्रक उभा करावा आणि डिप्परच्या झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १५ सेंटीमीटर खाली येईल असा स्क्रू फिरवावा.

हे काम भरलेल्या ट्रकवरच करावे. पुढच्या व मागच्या चाकांत चार मीटर अंतर असलेल्या ट्रकची मागची बाजू उसाच्या ओझ्याने सात सेंटीमीटर खाली बसली, तर झोत सुमारे एक अंश वर उचलला जातो. ५० मीटरवर तो जवळजवळ ८७ सेंटीमीटर उंच चढतो. रिकाम्या फेरीत झोत थोडा जवळ पडेल, पण ती गैरसोय पत्करण्याजोगी आहे.

कारखान्याच्या यार्डात गव्हाणीवर नंबर लागेपर्यंत भरलेले ट्रक तासन्‌तास उभे असतात. तपासणीला याहून सोयीची जागा कोणती? एखादी भिंत चुन्याने रंगवून तिच्यापासून दहा मीटरवर जमिनीवर रेघ आखली की झाले. ज्या गावात ट्रक बरेच आहेत, तेथे ग्रामपंचायतीलाही आपली एखादी भिंत यासाठी देता येईल. दिव्यांची उंची प्रत्येक ट्रकची वेगळी असल्याने खूण दरवेळी मोजून खडूनेच करावी.