जड फळी बसवताय? आधी भिंत ओळखा, मग ड्रिल हातात घ्या

मध्यरात्री स्वयंपाकघरातून धाडकन आवाज येतो. उठून बघावं तर मांडणी खाली, डबे घरभर आणि भिंतीला मोठाली भोकं. गंमत म्हणजे ब्रॅकेट शाबूत, स्क्रूही सरळच. मग सुटलं काय? भिंतीतली पकड. फळी मोडून पडण्यापेक्षा भिंतीतून उपसून पडण्याचे प्रकारच जास्त. म्हणून काम घरीच करायचं असेल, तर सुरुवात भिंतीपासून करा.

वजन खाली नाही, बाहेर ओढतं

तीन फुटांच्या फळीवर पुस्तकं दाटून भरली, की २० ते ३० किलो सहज होतात. धान्याचे डबे असतील तर त्याहून जास्त. हे वजन फळीला नुसतं खाली दाबत नाही, वरच्या स्क्रूला भिंतीतून बाहेरही ओढतं.

साधा हिशेब बघा. फळी १२ इंच रुंद, वजन ४० किलो. म्हणजे वजनाचा मध्य भिंतीपासून ६ इंचांवर. ब्रॅकेटचा वरचा स्क्रू त्याच्या खालच्या टोकापासून ८ इंच वर असेल, तर सगळ्या ब्रॅकेटच्या वरच्या स्क्रूंवर मिळून सुमारे ३० किलोची ओढ येते. हेच अंतर ४ इंच असेल तर ओढ ६० किलो! म्हणून ब्रॅकेटची लांब बाजू भिंतीला लावायची आणि फळी गरजेपेक्षा रुंद घ्यायची नाही.

भोकातली भुकटी वाचा

ब्रॅकेटखाली झाकलं जाईल अशा जागी बारीक भोक पाडून बघा. पहिला अर्धा इंच गिलाव्याचा, तो सोडून द्या. पुढे काय येतं ते महत्त्वाचं.

- विटकरी लाल भुकटी : भाजकी वीट. नायलॉनचा प्लग चांगला धरतो. मात्र दोन विटांमधल्या सांध्यात भोक नको.
- करडी भुकटी, ड्रिल जेमतेम सरकतं : काँक्रीटचा बीम किंवा कॉलम. पकड सर्वांत भक्कम. लोखंडी अँकर फास्टनर इथंच वापरा, विटेत तो फुगला की वीट फुटते.
- पांढरट, पिठासारखी भुकटी : नव्या फ्लॅटमधले हलके एएसी ब्लॉक. ड्रिलचा हॅमर बंद ठेवा आणि या ब्लॉकसाठीचेच प्लग मागा.
- तांबूस-पिवळी भुकटी, ड्रिल मध्येच मोकळं फिरतं : जांभा, म्हणजे गोवा-खानापूर पट्ट्यातला चिरा. त्यात पोकळ्या असतात. हॅमर नको, लांब प्लग घ्या. भोक मोकळं लागलं तर जागा बदला.

जुन्या घराच्या मातीत बांधलेल्या भिंतीला जड फळी टांगूच नये. आपल्या आजोबा-पणजोबांनी अशा भिंतींत कोनाडे आणि फडताळं केली ती उगाच नाही, वजन भिंतीच्या पोटातच ठेवलं. तिथं जमिनीवर उभा राहणारा रॅक घ्या आणि त्याचा वरचा भाग भिंतीला अडकवा, म्हणजे तो पुढं कलंडणार नाही.

बसवताना

स्विचबोर्ड आणि नळ यांच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका. तरीही घरातल्या वायरिंगचा भरवसा नसतो, म्हणून त्या खोलीचा एमसीबी बंद करून ड्रिलला दुसऱ्या खोलीतून वीज घ्या. डोळ्यांना चष्मा हवाच.

८ मिमी प्लगला ८ मिमीचंच बिट. भोक प्लगपेक्षा सेंटीमीटरभर खोल पाडा आणि आतली भुकटी पूर्ण काढा, नाहीतर प्लग भुकटीवरच घसरतो. प्लग गिलाव्यात नाही, विटेत बसला पाहिजे. म्हणून स्क्रूची लांबी ठरवताना प्लग, गिलावा आणि ब्रॅकेटची जाडी अशी बेरीज करा. पूर्वी भिंतीत लाकडाची खुंटी ठोकून त्यात स्क्रू पिळायचे. पावसाळ्यात ते लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि पकड ढिली होते. जड फळीला ते नको.

फळी १८ मिमी प्लायची, ब्रॅकेट जास्तीत जास्त दोन फुटांवर. पातळी डोळ्यांनी ठरवू नका, गवंड्याची पाण्याची नळी किंवा स्पिरिट लेव्हल लावा.

सामान ठेवण्याआधी

फळी रिकामी असताना दोन्ही हातांनी खाली दाबा, मग आपल्याकडं ओढा. जराही हलली तर स्क्रू आणखी पिळू नका. स्क्रू आणि प्लग काढून नव्या जागी भोक पाडा. नंतर अर्धं सामान ठेवा, दोन दिवस थांबा, वरच्या स्क्रूपाशी गिलाव्याला चीर पडली का ते बघा. जड वस्तू ब्रॅकेटवर आणि भिंतीलगत ठेवा.

आणि एक गोष्ट काम कितीही पक्कं झालं तरी पाळाच: बाळाचा पाळणा, झोपायची गादी किंवा गॅसची शेगडी यांच्या वर जड फळी नको. स्क्रू सुटायला वेळकाळ लागत नाही.