दंडाचा पट्टा आणि सैल सोडलेला हात

कोळवण खोऱ्यात पाऊस लागला की खाचरांचे बांध निसरडे होतात. भातलावणीत रोपांच्या मुठी घेऊन निघालेल्या साठीतल्या बाईचा पाय सरकतो, ती हातावर पडते आणि दंडाचं हाड खांद्यालगत मोडतं. उतारवयात हाडं ठिसूळ झालेली असतात, एवढंसं पडणंही पुरतं. चार-पाच दिवसांनी काळंनिळं कोपरापर्यंत, कधी छातीवरही उतरतं आणि घरचे हबकतात. खरं तर मोडल्या जागेचं रक्तच खाली झिरपलेलं असतं.

हाड बांधून जोडायची विद्या जुनी. सुश्रुतसंहितेत वड, उंबर, पिंपळाच्या साली आणि बांबू वापरायला सांगितलं आहे. हाडवैद्य आजही बांबूच्या कामट्या बांधतात. जास्त आवळल्या तर रक्तपुरवठा तुटून हात गमवायची वेळ येते. पुण्यातलं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी निघालं. तिथं कृत्रिम हातपायांबरोबर आधारपट्टेही बनतात.

दंडाच्या आजच्या आधारपट्ट्याचं, म्हणजे ब्रेसचं श्रेय ऑगस्टो सार्मिएन्तो या अस्थिशल्यविशारदाकडे जातं. त्यांनी १९७७ साली तो मांडला. प्लॅस्टिकच्या दोन पाळ्या, वेल्क्रोचे पट्टे, आत सुती अस्तर, बस्स. पाळ्या आवळल्या की दंडाचे स्नायू हाडाला चहूबाजूंनी दाबून धरतात आणि लोंबत्या हाताचं वजन तुकडे रेषेत आणतं. कोपर मोकळं राहतं. सूज उतरली की ब्रेस ढिला पडतो, म्हणून पट्टे रोज आवळायचे. बायका ते दोन दिवसांत शिकतात. सार्मिएन्तोंनी २००० साली ६२० रुग्णांचा हिशेब दिला. कातडी न फाटता मोडलेल्यांपैकी हाड न जुळलेले दोन टक्क्यांहूनही कमी निघाले.

पण हा हिशेब दंडाच्या मधल्या भागाचा. खांद्याशी पाळीला आवळायला जागाच उरत नाही. खांद्यावरून टोपी आणि छातीवरून पट्टा घेतलेले ब्रेस मिळतात. मोड खाली दंडात उतरली असेल तर ते कामाचे. एरवी गळ्यातली झोळीच बहुतेकांना पुरते. ब्रिटनमध्ये जागा सोडलेल्या मोडीच्या २५० रुग्णांवर चाचणी झाली. २०१५ साली निष्कर्ष आला, की ऑपरेशन केलेल्यांत आणि झोळीवाल्यांत दोन वर्षांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अर्थात हाडाचा गोळा सांध्यातून निखळला किंवा दुभंगला, तर गोष्ट वेगळी. दंडाच्या बाहेरच्या अंगाला बधिरपणा वाटला, तर तेही डॉक्टरांना लगेच सांगायचं.

माझ्या मते खरं औषध पट्ट्यात नाही, त्याच्या जोडीनं करायच्या व्यायामात आहे. बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावानं तो ओळखला जातो. चांगल्या हातानं ओट्याचा आधार घ्यायचा, कमरेत वाकायचं, दुखरा हात सैल सोडायचा आणि अंग हलकेच डोलवायचं. हात आपोआप फिरतो. डॉक्टरांनी होकार दिला की बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे सुरू होतं. इथंच घोडं अडतं. विकत आणलेला ब्रेस लोक जिवापाड जपतात आणि फुकटचा व्यायाम टाळतात. दुखतं म्हणून हात पोटाशी धरून ठेवला, की हाड जुळतं पण खांदा आखडतो. मग वेणी घालायलाही सुनेला हाक मारावी लागते.

आषाढात मोडलेला हात भातकापणीपर्यंत डोक्याशी पोचायला हवा. भारा मात्र त्या साली दुसऱ्या कुणी उचलावा.