एकरकमी तडजोड : आधी कागद, मग पैसा

मार्च उजाडला की वसुलीची जीप गावात येते. पारावर बसलेले दोघे-तिघे हळूच उठून शेताची वाट धरतात. थकबाकीदाराला लाज वाटते, म्हणून तो बँकेची पायरी चढत नाही. व्याज मात्र थांबत नाही. एक दिवस ते मुद्दलाला गाठते, आणि 'आता काय फिटायचं नाही' म्हणून माणूस हात टेकतो. अशा वेळी एकरकमी तडजोडीचा विचार करावा.

माफी सरकार देते, तडजोड बँक आणि खातेदार यांच्यात होते. कधी दोन्ही जोडून येतात. २००८ च्या केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना माफी मिळाली. इतरांना ७५ टक्के भरल्यावर २५ टक्के सूट होती. २०१७ च्या राज्याच्या योजनेत दीड लाखावरची रक्कम आधी शेतकऱ्याने भरायची होती. ज्याला ती जमली नाही, त्याचे कर्ज तसेच राहिले.

बँक सूट का देते? कमी मुदतीच्या पिकाचे कर्ज दोन हंगाम थकले की खाते अनुत्पादक ठरते व बँकेला त्यापोटी तरतूद करावी लागते. शेतजमिनीला २००२ चा सरफेसी कायदा लागू नाही. सहकारी कायद्याच्या कलम १०१ चा दाखला, जप्ती, लिलाव हा रस्ता लांबचा. शिवाय गावात शेजाऱ्याच्या जमिनीवर बोली कोण लावणार? म्हणून रोख येत असेल तर बँक बहुधा व्याजात सूट देते; मुद्दलात क्वचितच. रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे तडजोडीचे धोरण संचालक मंडळाने मंजूर केलेले असावे लागते. हे जिल्हा बँकेलाही लागू आहे. शाखेत जाऊन त्याची सरळ विचारणा करा.

प्रथम खातेउतारा घ्या. मुद्दल, व्याज, दंड, खर्च वेगवेगळे मांडून पाहा. मग आपली ऐपत पाहून लेखी अर्ज द्या. बँकेचे मिटवायला सावकाराचे काढू नका. समजा, मुद्दल १ लाख आणि व्याज ९० हजार आहे. बँक १ लाख २० हजारांवर आली, म्हणजे ७० हजार सुटले. तेच पैसे महिना शेकडा ३ रुपयांनी काढले, तर दोन वर्षांत व्याजच ८६ हजार ४०० होते. सुटले कुठे?

बोलणी अडली तर लोकअदालत आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली चालणाऱ्या या अदालतीला फी नाही. तिचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतका पक्का असतो, पण त्यावर अपील नाही. म्हणून समजून घेऊनच सही करावी.

तडजोड ठरली, तरी तोंडी शब्दावर पैसे भरू नका. किती रक्कम, शेवटची तारीख कोणती, आणि ती भरल्यावर खातेदार व जामीनदार यांच्याकडे काही येणे राहणार नाही, हे बँकेच्या पत्रात हवे. रक्कम कर्जखात्यातच भरा, पावती जपा. तारीख चुकली तर सवलत जाऊ शकते.

पुढचे काम गावातले. बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज द्या आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा कमी करून घ्या. गावकामगारांनी हा फेरफार रखडू देऊ नये. कर्ज फिटूनही बोजा राहिला, तर पुढचे कर्ज अडते.

एक धोका मात्र आहे. पतनोंदीत खाते 'पूर्ण फेड' नव्हे, 'तडजोड' म्हणून दिसते. नवे पीककर्ज कधी मिळेल, ते बँकेच्या धोरणावर ठरते. हे सही करण्याआधीच विचारा. ज्याला मुदतीत भरणे शक्य आहे, त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याचे खरेच थकले आहे, त्याने मात्र जीप पाहून उठण्यापेक्षा खातेउतारा मागायला स्वतःच शाखेत जावे.